शेवटच्या चौकातला शुक्र

वेदवतीने कॉफीच्या फिल्टरचे झाकण आपटून बसवले, आणि तेवढ्यात बाहेरच्या तिण्णैवरून भावाचा, वादिराजरावांचा, तो नेहमीचा आवाज आलाच.

"सुटलं! सुंदरी, आत सांगून ये. कॉफी निवली नाही अजून."

सुंदरी, म्हणजे वादिराजरावांची बायको आणि वेदवतीची वैनी, भेंडी चिरता चिरता उठली. खरे तर उठायची काही गरज नव्हती. तिण्णै म्हणजे दाराबाहेरचा ओटा. तिथे कोणी खोकले तरी चुलीपाशी ऐकू येई. पण या घरातले भाऊबहीण एकमेकांशी बोलत नसत, तेव्हा निरोप हा न्यावाच लागे.

"वेदा, ते म्हणतात..."

"ऐकलं मी. बहिरी नाही जाहले अजून."

"तरी सांगिटलं. मागाहून मजवर नको."

वेदवतीने कॉफी वरून खाली अशी ओतली की फेस टंबलरच्या काठावरून उतू गेला. कुंभकोणमच्या एका छापखान्यातून तमिळ पाक्षिक निघे. त्याच्या शेवटच्या पानावरचे कोडे तिचे असे. कधी आकड्यांचे, कधी काड्यांचे, कधी हात न उचलता एका रेषेत काढायच्या कोलमचे, म्हणजे तिकडच्या रांगोळीचे. संपादक शेषाद्री ते तिच्या नावानिशी छापी. यंत्र बिघडल्याने या वेळचा अंक बराच उशिरा, आजच आला होता; पुढचा येत्या शुक्रवारीच निघायचा होता. नाचियार्कोविलच्या शाळेत ती गणित शिकवी. शाळेतल्या बायका त्या पानावर डोके फोडीत आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिला धरून उत्तर विचारीत. एकटा हा मनुष्य कोर्टात जायच्या आधी, धोतराचा सोगा सावरीत, कॉफी निवायच्या आत तिचे पंधरा दिवसांचे काम उलगडून टाकी आणि वर गल्लीला ऐकू जाईल असे ओरडून सांगे. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा तिचा. सोडवावे, कोणाची ना आहे? पण ओरडावे कशाला?

अबोला पंकजाच्या वयाचा होता. पंकजा ही वादिराजरावांची एकुलती एक मुलगी. ती पाळण्यात असताना मद्रासहून वेदवतीचे प्राध्यापक आले होते, याच तिण्णैवर बसले होते. मुलगी पहिली आली आहे, पुढच्या संशोधनाला पाठवा, राहण्याजेवण्याची सोय आम्ही पाहतो, असे त्यांनी हात जोडून सांगितले. वडील नुकतेच गेलेले. घरातला कर्ता वादिराज. त्याने सुपारी कातरता कातरता म्हटले, "आपल्या घरच्या मुली लांब जात नाहीत." आत विचारले नाही, दाराकडे पाहिलेसुद्धा नाही. वेदवती आत इडलीचे पीठ वाटीत होती. तिने सगळे पीठ वाटून संपवले, हात धुतले, आणि त्यानंतर भावाला "अण्णा" म्हणून हाक मारली नाही. पुढे लग्नाची बोलणी आली तीही तिने वैनीमार्फतच परतवली.

शेजारचे कृष्णमूर्ति म्हणत, "तुमचं घर म्हणजे नवग्रहांचा ओटा. सगळे एकाच जागी उभे, पण तोंडाला तोंड नाही." हसून म्हणत. घरातले कोणी हसत नसे.

त्या सकाळी मात्र कॉफीवर भागले नाही. पंकजा धावत आत आली. तिला मद्रासच्या कॉलेजात गणिताला जागा मिळाल्याचे आदल्या दिवशीच कळले होते, आणि आज तिने ते बापाच्या कानावर घातले होते.

"आत्या, नाही म्हणाले."

"काय म्हणाले? शब्द सांग."

"आपल्या घरच्या मुली लांब जात नाहीत म्हणाले. इथं बायकांचं कॉलेज नाही काय म्हणाले. आणि शुक्रवारी कोइंबतूरचे लोक मज पाहायला येतात म्हणे."

तेच वाक्य! एक काना, एक मात्रा इकडची तिकडे नाही. इतक्या वर्षांत या माणसाला नवे वाक्यसुद्धा सुचू नये? वेदवतीच्या पायाची आग मस्तकात गेली. ती तशीच उठून ओसरीच्या दारापर्यंत आली. उंबरा मात्र ओलांडला नाही.

"वैनी! विचार त्यांना. माझं एक तरी कोडं त्यांना कधी अडलं काय?"

सुंदरी मध्ये उभी राहिली. हातात अजून भेंडी. "तुम्हांला विचारते..."

"एक नाही," बाहेरून उत्तर आले. "अडेल असं तिनं अजून केलंच नाही."

"आणि अडलं तर?"

तिण्णैवर अडकित्ता खाली ठेवल्याचा आवाज आला. वादिराजराव सबकोर्टात शिरस्तेदार होते. भल्याभल्या वकिलांचे कागद 'दुरुस्त करून आणा' म्हणून परत करण्यात त्यांची हयात गेली होती. आव्हान आले की माणसाला ताठा चढतोच.

"अडलं तर पोर मद्रासला जाईल. सुटलं तर शुक्रवारी गुमान कोइंबतूरकरांपुढं बसेल, आणि मग या घरात हा विषय कोणी काढायचा नाही. माझा शब्द. पण सुंदरी, एक अट सांग तिला. कोडं सरळ हवं. उत्तर एकच हवं. दोन उत्तरांचं कोडं म्हणजे लबाडी. तसलं निघालं तर मी ते मोडीत काढीन आणि पैज मी जिंकली."

"त्यांना म्हणावं, माझ्या कोड्याला आजवर दोन उत्तरं निघालीं नाहीत."

"पोदुम्! पुरे!" सुंदरीने भेंडी जमिनीवर टाकली. "मी काय तपालपेटी आहे? माझ्या पोरीचं आयुष्य आणि तुम्ही दोघं सोंगट्या खेळता!"

तिच्याकडे कोणी पाहिले नाही. पंकजा तेवढी आईच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

त्याच संध्याकाळी वेदवती नागेश्वराच्या देवळात गेली. माध्व, म्हणजे कट्टर वैष्णव, घरातल्या बाईने नवग्रहांभोवती काय म्हणून फिरावे, असा निरोप एरवी हमखास आला असता. पण ती फिरायला गेली नव्हतीच. ती गाभाऱ्याबाहेरच्या त्या चौथऱ्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिली आणि तेलाने काळ्या झालेल्या नऊ मूर्तींकडे रोखून पाहत राहिली. तीन आडव्या ओळी, तीन उभ्या. मध्ये सूर्य. प्रत्येकाचे तोंड वेगळीकडे. कोणी कोणाकडे पाहत नाही.

कॉलेजच्या वाचनालयात एका परदेशी मासिकात तिने एक चौकट पाहिली होती. नऊ बाय नऊ घरांची, आत तीन बाय तीनचे नऊ चौक. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि प्रत्येक चौकात एक ते नऊ आकडे एकेकदाच यायचे. काही आकडे आधीच दिलेले, बाकीचे आपण शोधायचे. छान होती, पण तेवढीच दिली तर अण्णा नाश्त्यालासुद्धा थांबला नसता. आकडे एकमेकांशी भांडत नाहीत ना! इथे समोर नऊ जण होते आणि त्यांच्यातली भांडणे तर कुंभकोणमातल्या पोरासोरांना पाठ.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी टाकून ती मागल्या अंगणात बसली. कोलमच्या पिठाने तिने चौकट आखली. मग स्वयंपाकघरातून नऊ डबे आणले. नवग्रहांना नऊ धान्ये वाहतात, तीच. सूर्याचे गहू, चंद्राचा तांदूळ, मंगळाची तूर, बुधाचे मूग, गुरूचे हरभरे, शुक्राचे पांढरे वाल, शनीचे तीळ, राहूचे उडीद, केतूचे कुळीथ. खोडायचे नाही, पुसायचे नाही. दाणा उचलायचा आणि दुसऱ्या घरात ठेवायचा.

"आत्या, हे कोडं आहे की श्राद्ध?" पंकजाने विचारले.

"तुझ्या बापाचं ठरव काय ते."

"आत्या!"

"चिमण्या हाकल तू. आणि अभ्यास कर."

मग तिने कायदे केले. पहिला कायदा: राहू आणि केतू आकाशात सदा समोरासमोर, एकमेकांच्या पाठीवर कधी नाहीत. तेव्हा प्रत्येक चौकात ते मधल्या घराच्या दोन बाजूंना, बरोबर समोरासमोर बसले पाहिजेत. दुसरा कायदा: सूर्य आणि शनी, बाप आणि लेक, एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. त्यांच्या घरांची भिंत कुठेही एक असायची नाही. तिसरा: चंद्राच्या घराला राहूची किंवा केतूची भिंत लागली की ग्रहण. तेही चालायचे नाही.

बस्स. एवढ्यावर ती दिवसभर दाणे हलवीत राहिली. इथे तीळ ठेवले की तिकडे गहू हलायचा, गहू हलला की तांदूळ उडदाच्या भिंतीला जाऊन टेकायचा. दोनदा सगळे फिसकटले. दोनदा तिने हाताच्या एका फटकाऱ्याने अंगण साफ केले आणि दात ओठ खात पुन्हा मांडले. प्रत्येक दाण्यागणिक तिला भाऊ दिसत होता. त्याची खोड तिला पक्की ठाऊक होती. कोर्टाचा माणूस, कागद हातात आला की आधी शेवट वाचणार, निकाल काय ते पाहणार, मग मागे येणार. कोडेही तो तसेच सोडवी. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात, तिथून वर. म्हणून तिने खालचा कोपरा कठीण करत नेला. इथे चकव, इथे दमव, इथे वाटेल की सुटले आणि मग सूर्याशेजारी शनी येऊन सगळी ओळ मोडीत निघेल. तिला आनंद होत होता असे म्हणवत नाही. पण दाढ ठणकत असताना जीभ जशी पुन्हा पुन्हा तिथेच जाते, तशी ती उठत नव्हती.

तिन्हीसांजेला चौकट जमली. तिने तयार उत्तरातून एकेक दाणा उचलत नेला. कोणता दाणा काढला तरी उत्तर हलत नाही, ते पाहायचे. हलले तर परत ठेवायचा. हीच या कामातली खरी मेख. तिची रीत अशी की शेवटचा दाणा काढला की सगळे पुसायचे, डोके रिकामे करायचे आणि परक्या माणसासारखे पहिल्यापासून सोडवून पाहायचे. तिने पाहिले. उत्तर एकच. मग ग्रहांची आद्याक्षरे घालून कागदावर स्वच्छ प्रत काढली. सकाळी शेषाद्रीचा माणूस ती न्यायला येणार होता.

सकाळी तो माणूस दाराशी सायकल टेकतो न टेकतो, तोच सुंदरी मागल्या अंगणात आली. चेहरा पडलेला.

"वेदा, रागावू नको. ते म्हणतात..."

"बोल."

"म्हणतात, रवा आणि केळी आजच आणून ठेवा. शुक्रवारी पाहुण्यांना सोज्जी-बज्जी करायची आहे, शिरा आणि केळ्याची भजी. कोडं काय, सकाळी येईल, सकाळी सुटेल. आणि..."

"आणि काय?"

"म्हणतात, तिला लांब पाठवली असती तरी हेच केलं असतं तिनं. घरबसल्या चौकटीच भरल्या असत्या."

वेदवतीने अंगणाकडे मान वळवली. अंगणात कालची चौकट तशीच होती, दिलेले दाणे जागच्या जागी. शेवटच्या चौकात, अगदी खालच्या कोपऱ्याला लागून वरच्या घरात, एक वाल होता. शुक्र. अण्णाची सुरुवात तिथूनच होणार होती. तेवढा एक आधार होता त्याला त्या कोपऱ्यात. तिने तो वाल चिमटीत उचलला आणि भिंतीपलीकडे भिरकावून दिला. घे! आता कर सुरुवात!

मग तिने कागदावरचा शुक्र खोडला. रबर असा दाबला की कागद फाटता फाटता राहिला. सायकलवाला घंटी वाजवीत होता. तिने बोटाने घराघरांवरून भराभर फिरून पाहिले. इथे बुध, इथे शुक्र, बरोबर, बरोबर, सगळे बसते. बसायचेच. उत्तर तिला पाठ होते, आणि पाठ असलेले बोट आपोआप पाठच्याच जागी जाते. कागद घडी करून तिने दिला. सायकल गल्लीच्या टोकाला वळून गेली.

शुक्रवारी सकाळी पाक्षिक आले. कोइंबतूरकर दुपारच्या गाडीने तिकडून निघून रात्रीपर्यंत पोचायचे होते. वादिराजरावांनी कोर्टात रजा टाकली होती. नाकावर चष्मा, कानावर पेन्सिल, शेजारी विड्याच्या पानांची चवड. सुंदरीने कॉफी नेऊन ठेवली. वेदवती चुलीपाशी बसली आणि कान दाराला लावून राहिली.

कॉफी निवली. आवाज आला नाही.

सुंदरी आत येऊन म्हणाली, "प्याले नाहीत. तशीच आहे."

"दुसरी ने," वेदवती म्हणाली. तिला स्वतःच्या आवाजातला उल्हास लपवता येईना.

दुसरीही निवली. रव्याचा पुडा ओट्यावर तसाच बांधलेला राहिला. सुंदरीने तो दोनदा हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. पंकजा न्हाऊन, ओले केस तसेच सोडून, कोपऱ्यात बसली होती. बाहेर पेन्सिल एकसारखी चालू होती. मध्ये एकदा वादिराजराव जोरात म्हणाले, "अरे चोरा!" ते सूर्य-शनीच्या सापळ्यात सापडले होते, हे वेदवतीने आत बसल्या जागी ओळखले. तिने पदर तोंडाला लावला. ये, ये. पुढेही आहे अजून.

मग पेन्सिल थांबली.

पंकजाने खिडकीतून डोकावून पाहिले.

"लिहीत नाहीत, आत्या. पेन्सिल खाली ठेविली आहे. नुसते रस्त्याकडे पाहत बसले आहेत."

"थकला असेल," वेदवती म्हणाली.

"थकल्यासारखे नाही दिसत."

थोड्या वेळाने वादिराजराव आत आले. खांद्यावर उपरणे टाकलेले. कोणाकडेही न पाहता, देवघराच्या चौकटीवर हात टेकून ते सुंदरीशी बोलले.

"नाक्यावरच्या बूथवरून कोइंबतूरला फोन करून येतो. निघू नका म्हणून सांगतो."

"अय्यो, का?"

"मज सुटलं नाही. सांग तिला. पोर जाऊ दे मद्रासला."

चपलांचा आवाज पायऱ्या उतरून गेला. पंकजाने आत्याला अशी मिठी मारली की दोघी भिंतीवर आदळल्या. सुंदरी रडू लागली, रडता रडता रव्याचा पुडा सोडू लागली. आता शिरा करायलाच हवा होता. वेदवती हसत होती. किती वर्षांनी असे पोट भरून हसत होती! अडला! शिरस्तेदार अडला! सगळ्या गल्लीत जाऊन ओरडावे आणि प्रत्येक दाराशी कॉफी निवेपर्यंत उभे राहावे, असे तिला वाटले.

मग ती तिण्णैवर गेली. कुठे अडला ते तिला डोळ्यांनी पाहायचे होते. तेवढा तिचा हक्क होता.

पाक्षिक उघडे पडले होते, वर अडकित्ता ठेवलेला. तिने अडकित्ता उचलला. चौकट भरलेली होती. राहू-केतू समोरासमोर, सूर्य-शनी दूर दूर, चंद्र सगळीकडे सुरक्षित. ज्या घरासाठी ती दिवसभर अंगणात घाम गाळीत बसली होती, तेही बरोबर. तळाशी मात्र चार घरे रिकामी होती. शेजारच्या दोन चौकांत दोन दोन, एका आयताच्या चार टोकांसारखी.

"चार घरांवर अडला!" तिला पुन्हा हसू आले. "अरे, ही तर पोरगीसुद्धा भरील."

तिने पेन्सिल उचलली. डावीकडे वर बुध, खाली शुक्र. मग उजवीकडे वर शुक्र, खाली बुध. झाले. पेन्सिल टेकवायच्या आधी तिचा हात थांबला. उलट केले तर? डावीकडे वर शुक्र, खाली बुध. उजवीकडे वर बुध, खाली शुक्र.

तेही बसत होते.

ती आत गेली. डब्यांतून दोन मूग आणि दोन वाल घेऊन आली आणि तिण्णैच्या लाल सिमेंटवर मांडले. असे. मग तसे. आडवी ओळ तक्रार करीना, उभी ओळ तक्रार करीना, चौक तक्रार करीना. राहूचा कायदा, शनीचा कायदा, ग्रहणाचा कायदा, तिन्हीपैकी एकही त्या दोघांना लागू नव्हता. बुध आणि शुक्र मित्र. शत्रूंवर पहारे बसवताना मित्रांसाठी तिने कायदाच केला नव्हता. त्यांना जागेवर धरून ठेवणारा एकच दाणा होता, आणि तो तिने स्वतःच्या हाताने भिंतीपलीकडे फेकला होता.

कोड्याला दोन उत्तरे होती. अटीप्रमाणे कोडे मोडीत निघाले होते. पैज वादिराजची होती.

आणि त्याने नेमकी तीच चार घरे रिकामी ठेवली होती. अडणारा माणूस कुठेही अडतो. दोन ओळी सोडतो, एखादा चौक सोडतो, खाडाखोड करतो. ही चार, आणि फक्त ही चारच, रिकामी ठेवायला दोन्ही उत्तरे ठाऊक असावी लागतात.

मग तिला जो राग आला, तो सकाळचा नव्हता, परवाचाही नव्हता. तो पाळण्यातल्या पंकजाच्या दिवसांतला होता. म्हणजे हेसुद्धा यानेच दिले! तिने जिंकून घेतलेले नव्हते. तेव्हा त्याने सुपारी कातरता कातरता नाही म्हटले, आज त्याने पेन्सिल खाली ठेवून हो म्हटले. दोन्ही वेळा निकाल त्याचाच, दोन्ही वेळा ती आत स्वयंपाकघरात.

तिने कॉफी केली. सुंदरी हात पुढे करून म्हणाली, "दे, मी नेते." वेदवतीने टंबलर तिच्या हाती दिला नाही.

वादिराजराव परतून तिण्णैवर बसले होते. सिमेंटवरचे चार दाणे त्यांनी पाहिले होते. दाण्यांना हात न लावता ते शेजारी बसले होते.

"अण्णा."

त्यांनी वर पाहिले. इतक्या वर्षांत ते दोघे असे समोरासमोर आले नव्हते. त्याचे केस कानांवर पांढरे झाले होते, हे तिला आत्ता कुठे दिसले.

"ती चार घरं."

"अडलीं."

"खोटं बोलू नको! दोहीं बाजूंनी बसतात ती. तुज ठाऊक जाहलं. मोडीत काढायची अट तूच घातली होतीस. मग का नाही काढिलंस?"

वादिराजरावांनी पानाचा देठ खुडला. "तुझ्या कोड्याला कधी दोन उत्तरं निघत नाहीत. तू पहिल्यांदा चुकलीस. मज वाटलं, असा काय राग असेल, की वेदा चुकली."

"उपकार केलास? मज तुझी भीक नको होती. मज जिंकायचं होतं!"

"मग जा. आत जाऊन पोरीला सांग, कोडं खोटं होतं म्हणून."

आत माळ्यावरून जुनी पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज येत होता. पंकजा आईला विचारत होती, याला कुलूप आहे काय गे, गंज चढला आहे. वेदवती ऐकत उभी राहिली. आत ती गेली नाही. जाणार नव्हती, हे त्यालाही माहीत होते आणि तिलाही. त्याचा तर तिला अधिकच राग आला.

"पुढच्या अंकात छापणार आहे मी," ती म्हणाली. "चूक माझी, पकडली ती तू. नावानिशी छापीन. तुझं काही ठेवून घ्यायचं नाही मज."

"छाप." त्यांनी मान हलवली. "पोरीची गाडी सुटल्यावर छाप. मग मजही माझा शब्द फिरवता येणार नाही."

तिने टंबलर त्यांच्यापुढे ठेवला. ठेवताना थोडी कॉफी सांडली, एक वाल वाहून कडेला गेला. ती वळली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथून परत आली.

"आणि माझी गाडी? माझी का नाही सुटू दिलीस?"

वादिराजरावांनी टंबलर हातात घेतला, पण ओठांशी नेला नाही. रस्त्याने एक बैलगाडी विड्याच्या पानांची टोपली घेऊन गेली. कृष्णमूर्ति आपल्या ओट्यावरून इकडे पाहत होते, मग त्यांनी नजर वळवली. सुंदरी दारापर्यंत येऊन थांबली. निरोप कोणाचाच नव्हता, म्हणून ती तशीच मागे फिरली.

वेदवती समोर उभीच राहिली. कॉफीवर साय धरली, मग ती सुरकुतली, मग टंबलर निवला. वादिराजराव त्यात पाहत बसले होते.